सायकलवरचे मिशनरी आणि आपले फलक

अमेरिकेत ‘बाइकिंग फॉर बेबीज’ नावाची एक चळवळ आहे. २००९ साली इलिनॉय राज्यातील दोन महाविद्यालयीन तरुणांनी तिचा प्रारंभ केला. तरुण-तरुणींचे गट निरनिराळ्या राज्यांतून सायकलवर निघतात, शेकडो मैल तुडवतात आणि सेंट लुईस नगरीत एकत्र येतात. त्यांना ‘मिशनरी’ असेच संबोधले जाते. अडचणीत सापडलेल्या गरोदर स्त्रियांना आधार देणाऱ्या केंद्रांशी त्यांचे नाते जोडलेले असते आणि जमलेला निधी त्या केंद्रांना मिळतो.

असे काही कानी आले की आपल्यातील सुज्ञ मंडळी नाक मुरडतात. पैसेच द्यायचे तर पाय कशाला दुखवायचे, असा पहिला प्रश्न. वेलांकणीला पायी जाणाऱ्या भाविकाला ‘रेल्वे का नाही धरली?’ असे आपण कधी विचारतो का? या आक्षेपाला एवढे उत्तर पुरे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गर्भपात थांबवायचा तर कायदा बदला, सायकली फिरवून काय होणार? त्याचे उत्तर सेंट लुईसच्या भूगोलातच आहे. १९७३ च्या ‘रो विरुद्ध वेड’ निकालाने अमेरिकेत गर्भपाताला घटनात्मक संरक्षण दिले होते. २४ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि त्याच दिवशी मिसुरी राज्याने बंदी लागू केली. जीवनवाद्यांनी घंटा वाजवल्या. परंतु सेंट लुईस मिसिसिपीच्या काठी वसले आहे आणि पूल ओलांडला की इलिनॉय लागते. तिथे गर्भपात कायदेशीरच राहिला. पलीकडच्या फेअरव्ह्यू हाइट्स येथे २०१९ मध्येच एक मोठे केंद्र उघडले होते. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये खुद्द मिसुरीच्या मतदारांनी गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घातला. जवळजवळ पन्नास वर्षे ज्या निकालाची वाट पाहिली, त्याच्या फळाची अडीच वर्षांत ही गत!

कायदा निरर्थक आहे, असे माझे म्हणणे नाही. दुर्बळाचे रक्षण हे शासनाचे कर्तव्यच आहे. पण त्या पुलावरून निघालेल्या मुलीला कायदा विचारत नाही की, बाई, तुझ्या खोलीचे भाडे कोण भरतो? बाळाचा बाप कुठे गेला? हे प्रश्न माणसाने विचारायचे असतात, आणि उत्तर ऐकून खिशात हात घालायचा असतो. हे या सायकलस्वारांनी ओळखले आहे.

मात्र त्यांनाही एक गोष्ट सुनावली पाहिजे. अमेरिकेतील अशा काही केंद्रांवर दिशाभूल केल्याचा आरोप होत आला आहे. आपण कोणती सेवा देतो आणि कोणती देत नाही, हे दारात आलेल्या स्त्रीला स्पष्ट न सांगणारे केंद्र कितीही पवित्र हेतूने चालत असो, त्याला एक पैसाही देऊ नये. जीवनाची सेवा असत्याच्या कुबड्यांवर होत नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी २५ मार्च १९९५ रोजी ‘जीवनाचे शुभवर्तमान’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. त्यात कठोर निषेध आहे, तसेच गर्भपात केलेल्या स्त्रियांशी वडीलकीच्या मायेने केलेले हितगुजही आहे. निषेधाचा भाग आपण व्यासपीठावरून वाचतो. हितगुज कपाटातच राहते. पवित्र मरिया स्वतः गरोदर असताना डोंगराळ प्रदेशात एलिझाबेथकडे गेली, ती नुसते अभिनंदन करून परतली नाही. सुमारे तीन महिने त्या घरी राहिली.

आणि आपल्या धर्मग्रामात? मिरवणूक निघते, फलक झळकतात. पण एखाद्या घरातील अविवाहित मुलीला दिवस गेले की पहिला प्रश्न येतो, ‘लोक काय म्हणतील?’ हे लोक म्हणजे तुम्ही-आम्हीच, मिस्सानंतर चर्चच्या आवारात कुजबुजणारे. ज्या कुजबुजीच्या भयाने ती आई-बाप दूरच्या शहरातील दवाखाना गाठतात, ती कुजबुज करणाऱ्याने फलक धरू नये. पॅरिश कौन्सिलच्या पुढील बैठकीत मिरवणुकीच्या खर्चाशेजारी एका बाळंतपणाचा खर्च मांडला जावा, आणि आपल्या घरातील एक खोली सहा महिने कोण देणार, हेही त्याच बैठकीत नावानिशी विचारले जावे.