बाहेरून माल स्वस्त येतोय, मग इथे पिकवायचं कशाला?



हा प्रश्न आता आपल्याच घरातली शिकलेली पोरं विचारतात. त्यांच्यावर चिडून उपयोग नाही, प्रश्न खरा आहे. आपण वसईचे वाडीवाले विकतो भाजी, केळी, फुलं, पान, नारळ. आणि दुकानातून आणतो तूरडाळ, तेल, बेसन. म्हणजे बाहेरून आलेलं स्वस्त तेल आपल्याही कढईत पडतं, आणि त्याच तेलाने विदर्भ-मराठवाड्यातल्या सोयाबीनवाल्याचा भाव पडतो. त्यामुळे दोन्ही बाजू धरूनच बोललं पाहिजे.

माझं मत आधीच सांगतो. जो माल ताजा लागतो किंवा नावाने विकला जातो, तो आपण आपल्या हिमतीवर टिकवू शकतो. जो माल गोणीत भरल्यावर कुठून आला ते कळतच नाही, तो टिकवणं एकट्या शेतकऱ्याच्या हातात नाही. तिथे सरकारनं पेरणीआधी नियम सांगावा आणि माल विकून होईपर्यंत तो बदलू नये.

पहिल्या प्रकाराचं उदाहरण घरचंच आहे. आपली सुकेळी. राजेळी केळं पूर्ण पिकवायचं, सोलायचं, उन्हात परतून परतून वाळवायचं, दवापासून सांभाळायचं. चार-पाच किलो केळी तेव्हा कुठे किलोभर सुकेळी. खजूर इराक, इराण, अमिरातीतून येतो. साधा खजूर सुकेळीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. तरी आगाशीची सुकेळी मागायला आलेलं गिऱ्हाईक खजूर घेऊन घरी जात नाही. त्याला तीच चव हवी असते. वसईत राजेळीच्या बागा कमी झाल्या त्या काही खजुरामुळे नाही. विहिरींना खारं पाणी लागलं, जमिनी बिल्डिंगला गेल्या, वाडीत राबायला माणूस मिळेना, म्हणून झाल्या. भाजीचंही तसंच आहे. पहाटे काढलेली मेथी आणि मुळा सकाळच्या लोकलने मुंबईत पोचतो, तो जहाजातून येऊ शकत नाही. इथं आपलं दुखणं पाणी आणि जमीन हेच आहे, आयात नाही.

नाव मिळालं म्हणजे काम संपलं असंही नाही. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वाडा कोलमला २०२१ मध्ये. पण शहरातल्या दुकानात ‘वाडा कोलम’ म्हणून जो तांदूळ विकतात, त्यातला सगळाच वाड्याचा नसतो. मानांकन मिळाल्यावर प्रत्येक शेतकऱ्यानं अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी करायची असते. ती न करता मानांकनाच्या नावाने माल विकता येत नाही, आणि नाव वापरून दुसराच माल विकणाऱ्याला धरताही येत नाही. कृषी सहायकांना विनंती, गावात शिबिर लावून एवढी नोंदणी तरी करून घ्या.

आता दुसरा प्रकार. तूर घ्या. २०१५ मध्ये डाळ दोनशे रुपये किलोपर्यंत गेली. २०१६ मध्ये सरकारनं मोझांबिकशी तूर आणायचा करार केला. त्याच खरिपात भाव बघून आपल्या शेतकऱ्यांनी तूर भरपूर पेरली आणि पाऊसही चांगला झाला. हमीभाव बोनस धरून ५,०५० रुपये क्विंटल होता. २०१७ मध्ये बाजारात तूर चार हजाराच्याही खाली गेली आणि खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. २०२१ च्या मे महिन्यात तूर आयातीवरची बंधनं काढली आणि मग मुदत वाढवतच नेली. २०२५ च्या जानेवारीत, म्हणजे ऐन तुरीच्या काढणीत, ती ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढवली. तेव्हा हमीभाव ७,५५० होता आणि अनेक बाजार समित्यांत तूर त्याच्या खाली विकली जात होती.

पिवळ्या वाटाण्याचं आणखी वाईट. डिसेंबर २०२३ मध्ये त्यावरचं शुल्क काढलं. कॅनडा-रशियाचा वाटाणा तुरीच्या हमीभावाच्या निम्म्याहून कमी किमतीत बंदरावर उतरू लागला. तो बेसनात जातो, डाळीच्या जागी जातो, आणि तूर-हरभरा दोन्हींचा भाव खाली ओढतो. पुन्हा ३० टक्के शुल्क लागलं ते १ नोव्हेंबर २०२५ पासून. मधल्या दोन वर्षांत ज्यांनी माल विकला त्यांचं काय?

तेलाच्या तर तारखाच बघा. २८ मे २०२५ ला केंद्रानं खरिपाचे हमीभाव जाहीर केले. सोयाबीन ४,८९२ वरून ५,३२८ केलं. बरं वाटलं. दोनच दिवसांनी, ३० मे ला, कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढलं. त्यावेळी शेतकऱ्याचं बियाणं घरात येऊन पडलेलं होतं.

आता काही जण म्हणतात, तुम्ही उत्पादन वाढवा म्हणजे स्पर्धेत टिकाल. उत्पादन वाढवलंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण हिशोब बघा. इंडोनेशिया-मलेशियात पामची झाडं हेक्टरी तीन टनांच्या आसपास तेल देतात. आपलं सोयाबीन हेक्टरी टनभर, त्यात तेल १८ टक्के. वाण कितीही सुधारला तरी एवढं अंतर भरून निघणार नाही. कॅनडाचा शेतकरी हजारो एकर यंत्रावर करतो. मोझांबिकचा तूरवाला मात्र आपल्यासारखाच लहान शेतकरी आहे, त्याच्याशी आपलं भांडण नाही. भांडण आहे ते ऐनवेळी बदलणाऱ्या नियमाशी.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. शुल्क लावलं तर गरिबाची डाळ महाग होईल. होईल थोडी. पण भाव पाडून काय होतं तेही आपण बघितलंय. तूर पडली की शेतकरी कपाशी-उसाकडे जातो, पुढे डाळ कमी पडते आणि पुन्हा आयात करावी लागते. २०२४-२५ मध्ये देशात सत्तर लाख टनांहून जास्त कडधान्य बाहेरून आलं. एवढं अवलंबून राहिल्यावर उद्या त्यांच्याकडे दुष्काळ पडला की भाव ते ठरवतील. गरिबाला डाळ द्यायची तर रेशनवर द्या, हमीभावाने आपल्याकडून घेऊन द्या. एका घराची डाळ स्वस्त करायला दुसऱ्या घराचं पीक पाडायचं, हे बरोबर नाही.

म्हणून माझ्या मते मागणी दोनच ठेवाव्यात. एक, आयात शुल्क असं ठरवा की बंदरावर उतरलेला माल शुल्क धरून आपल्या हमीभावाच्या खाली पडू नये. दोन, हे शुल्क मे अखेर हमीभावाबरोबरच जाहीर करा आणि माल विकून होईपर्यंत हात लावू नका. कर्जमाफीपेक्षा हे स्वस्त पडेल.

आणि आपण काय करायचं? आपल्याकडे भाताच्या बांधावर तूर येते, भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल येतो. दोन्हींना पाणी लागत नाही, खर्च थोडा. वालाला तर नाव आहेच, दाळिंबीच्या उसळीला लोक गावठी वाल शोधत येतात. घरापुरती तूर बांधावर घ्या, वाल स्वच्छ निवडून गावाच्या नावाने विका, दलालाच्या गोणीत मिसळू नका.

तुमच्या बाजार समितीत या हंगामात तूर, हरभरा, सोयाबीन काय भावाने गेलं ते तारखेसकट खाली लिहा. हमीभावाशी ताळा करून एक तक्ता करू, म्हणजे पुढच्या वेळी साहेबांसमोर बोलताना हातात आकडे असतील.