महालक्ष्मीच्या दिवशीचे एक छायाचित्र

भाद्रपदात मराठवाड्याच्या घराघरांत महालक्ष्म्या उभ्या राहतात. पुण्या-मुंबईकडे ज्यांना गौरी म्हणतात, त्याच आमच्या ज्येष्ठा-कनिष्ठा. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन व महानैवेद्य, मूळ नक्षत्रावर विसर्जन, असा हा तीन दिवसांचा सोहळा. दिवाळीला माहेरवाशिणी येतात. परंतु नोकरी-धंद्यापायी पांगलेल्या भावाभावांची चूल पुन्हा एक होते ती महालक्ष्मीलाच. साहजिकच सगळ्या कुटुंबाचे एकत्र छायाचित्र काढून घेण्याचा मुहूर्तही आमच्याकडे बहुधा हाच असतो. आणि ऐन त्याच घटकेला यंत्र रुसून बसते, हाही अनेकांचा अनुभव आहे. यंत्र रुसले असता माणसांनी काय करावे, एवढाच आजच्या लेखाचा विषय. विषय लहान दिसतो. पण आमच्या घरापुरता तरी तो लहान राहिलेला नाही.

गोष्ट १९९३ सालची. नांदेडच्या जुन्या गावात, गोदावरीच्या घाटापासून जवळच, आमच्या थोरल्या काकांचे घर. चाकूर, अहमदपूर, लोहा अशी मजल मारीत एस. टी.ने लातूरकडील मंडळी आली होती. त्यांत औसा तालुक्यातील एका खेड्याहून आमची धाकटी आजी आली होती. आजोबांच्या धाकट्या भावाची ती पत्नी. पती निवर्तलेले, मूलबाळ नाही. शेत स्वतः पाहणारी, बोलण्यात सडेतोड. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील असा नैवेद्य झाला, पंगती उठल्या, आणि दिवेलागणीला अर्धा-पाऊण तास असताना बोलावलेले छायाचित्रकार आले. महालक्ष्म्यांपुढे माजघरात सारे दाटीवाटीने बसले. पहिल्या फोटोला दिवा चमकला, तो किंचित मंदच वाटला. दुसऱ्याला चमकलाच नाही. त्यांनी बॅटऱ्या बदलल्या, जोडणीची तार काढून पुन्हा बसविली, मिनिटभर वाट पाहिली. दिवा मेला तो मेलाच.

त्या गृहस्थांचे आम्हांला आजही कौतुक वाटते ते पुढच्या गोष्टीसाठी. कळ दाबल्याचा आवाज काढून, 'झाले' म्हणून ते निघून जाऊ शकले असते. आठ दिवसांनी रीळ खराब निघाल्याचे कारण सांगणेही अवघड नव्हते. त्यांनी तसे केले नाही. घाम पुशीत ते म्हणाले, "दिवा गेला. मघाचे दोन फोटो येतील असं मी सांगू शकत नाही." थोरले काका हिरमुसले. उद्या विसर्जन, निम्मी मंडळी पहाटेच्याच गाडीने निघणार. तेव्हा पुढच्या वर्षी पाहू, असे ते म्हणाले. छायाचित्रकारांनी सुचविले, की चौकात अजून आभाळाचा उजेड आहे, तेथे प्रयत्न करता येईल. यावर काकांचा आक्षेप असा, की मग फोटोत महालक्ष्म्या येणार नाहीत. महालक्ष्म्यांविना महालक्ष्मीचा फोटो तो कसला?

धाकटी आजी तोवर उठून उभीही राहिली होती. ती म्हणाली, "लक्ष्म्या तर दरसाल येत्यात गा. माणसं येत्यात का? चला चौकात."

चौकात मग जे घडले ते छायाचित्रकलेच्या जुन्या रीतीला धरूनच होते. त्यांच्याजवळ तिपाई नव्हती. कॅमेरा स्टुलावर ठेवून खाली घडी केलेले पोते दिले. वडीलधाऱ्यांना भिंतीला टेकून बसविले, कारण टेकलेले शरीर कमी हलते. पोरांना पुढे मांडी घालायला लावली. भिंगाचे तोंड पुरते उघडले, आणि सेकंदाच्या आठव्या हिश्शाइतका वेळ प्रकाश आत घेतला. "मी तीन म्हटलं की श्वास धरा," एवढीच त्यांची सूचना. एका फोटोचा भरवसा नाही म्हणून चार घेतले. तीन बिघडले. चौथ्यात एका पोराची मान हलली आहे, कडा काळवंडल्या आहेत, सावलीतील उजेडामुळे रंग निळसर उतरले आहेत. महालक्ष्म्या नाहीत, मागे दाराचे तोरण आणि उंबऱ्याजवळ रांगोळीची पावले तेवढी दिसतात. पण माणसे सारी आहेत. उजवीकडून दुसरी धाकटी आजी. ती हसलेली नाही. श्वास धरून बसली आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी अनंत चतुर्दशी झाली. गावोगावचे गणपती बोळवून लोक झोपले, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चार वाजण्यास काही मिनिटे असताना किल्लारी परिसराची भूमी हादरली. लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि त्यांवर मातीचे जड धाबे अशी ती घरे. निजलेल्या माणसांना बाहेर पडण्यास वेळच मिळाला नाही. धाकटी आजी त्यांत गेली. तिच्या घराच्या भिंतीवर आमच्या धाकट्या आजोबांची तसबीर होती. तीही गेली. तिची दुसरी प्रत कोणाकडेच नव्हती. आज आमच्या घरातील पोरांना आजीचा चेहरा ठाऊक आहे, आजोबांचा नाही. एक छायाचित्र बिघडलेल्या यंत्रानिशी निघाले म्हणून राहिले. दुसरे एकाच भिंतीवर होते म्हणून गेले.

यावरून आमचे मत असे बनले आहे, की कुटुंबाच्या छायाचित्रात यंत्राचा बिघाड हा अडथळा खराच, पण 'पुढच्या वर्षी पाहू' हे उत्तर त्याहून मोठे नुकसान करते. यंत्र दुरुस्त होते. तीच माणसे त्याच उंबऱ्यावर पुन्हा जमतील, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

बिघाड काही आजचा नव्हे. मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत होता, तेथे राजा दीनदयाळ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छायाचित्रकलेची थोर परंपरा उभी केली. पडदानशीन स्त्रियांसाठी १८९२ साली त्यांनी हैदराबादेत निराळा स्टुडिओ काढला. त्या काळची काचेची पट्टी जड, ठिसूळ आणि मंद. प्रकाश पुरेसा नसला की बसणाऱ्यांनीच स्थिर राहायचे, हा नियम. जुन्या छायाचित्रांतील आपले पूर्वज इतके गंभीर का दिसतात, याचे निदान एक कारण हे आहे. पुढे फिल्म आली. तीत रीळ चाकाला नीट अडकलेच नाही तर सारा समारंभ टिपूनही हाती कोरी फिल्म येई. म्हणून जाणकार मनुष्य रीळ सरकविताना दुसऱ्या बाजूची परतीची कळ फिरते की नाही, यावर नजर ठेवी. साधने पालटली, सावधपणाची गरज मात्र तशीच राहिली.

आज घरातील प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असलेला फोन आहे. तरीही बॅटरी संपते, जागा भरते, दिवा चालत नाही, कार्ड वाचता येत नाही असे यंत्र सांगते. अशा वेळी गोंधळून न जाता काही साध्या गोष्टी कराव्यात. दिवा बंद पडला तर खिडकी, ओसरी किंवा चौक गाठावा. उन्हात डोळे मिटतात, म्हणून आभाळाकडे तोंड असलेली सावली उत्तम. फोटोची एक पट्टी काळी येऊ लागली तर दिवा आणि पडदा यांचा मेळ चुकला आहे, असे समजून पडद्याचा वेग कमी करावा. कार्ड रुसले तर त्यावर नवे काही टिपू नये आणि ते पुसून कोरेही करू नये. आधीची चित्रे बहुधा त्यावर शिल्लक असतात व जाणकाराला परत मिळविता येतात, पण वर नवे लिहिले की ती गेलीच. ते बाजूला ठेवून दुसरे घालावे, अथवा भाच्याचा फोन मागून घ्यावा. त्यात कसला आला कमीपणा?

छायाचित्रकार बंधूंना आमची विनंती निराळी. बिघाड झाला तर तो तत्काळ सांगा. लपविलेला बिघाड कुटुंबाला दुसरी संधी घेऊ देत नाही. त्या संध्याकाळी आम्हांला अर्ध्या तासाचा उजेड मिळाला तो एका माणसाच्या खरेपणामुळे. आणि आरास, साड्या, मखर यांचे फोटो मागाहून घ्या. मंडळी जमताच, वृद्ध दमण्यापूर्वी, एक साधा फोटो आधी घ्या. पुढे यंत्राने काहीही केले तरी तेवढा हाती राहतो.

घरच्यांसही एक सांगणे आहे. फोनमध्ये राहिलेले छायाचित्र म्हणजे एकाच भिंतीवरची तसबीर होय. फोन फुटला, हरवला, की ते गेले. म्हणून निदान एक फोटो कागदावर उतरवून घ्यावा, आणि त्याच्या प्रती निरनिराळ्या गावी द्याव्यात. एक नांदेडला, एक लातूरला, एक पुण्यास गेलेल्या मुलाकडे. खर्च फार नाही, आणि एका घरावर आपत्ती आली तरी सगळ्यांचे चेहरे एकदम पुसले जात नाहीत.

यंदा महालक्ष्म्यांचे हळदी-कुंकू आटोपले, की नैवेद्याच्या ताटाकडून नजर काढून क्षणभर जमलेल्या माणसांकडे पाहावे. कोण आले आहे, कोण प्रथमच आले आहे, कोणाला आता जिना चढवत नाही, हे पाहावे. आणि यंत्र चालो वा न चालो, सर्वांना चौकात बोलवावे. दोऱ्यांच्या गाठी पडण्याआधी एवढे व्हावे, ही वाचकांस आमची आग्रहाची विनंती.