पायांवरील जांभळे ठिपके

आमच्या औशास उन्हाळा कडक. नाकाचा घोळणा फुटला, अंगावर कांहीं उठलें, कीं ‘उष्णता झाली’ म्हणून मोकळें व्हावें, ही येथील घरोघरची रीत. गेल्या वैशाखांत आमच्या घरींही तसेंच झालें. धाकट्या सूनबाईच्या पिंढऱ्यांवर मोहरीएवढे जांभळे ठिपके दिसूं लागले. दांत घांसतांना हिरड्यांतून रक्त येई. वडीलधाऱ्या बायकांनीं सब्जा व गुलकंद सुरू केला. त्यांतच तिचें डोकें दुखूं लागलें, तेव्हां आम्हीं आपल्या फडताळांतील अ‍ॅस्पिरिनची गोळी वडीलकीच्या नात्यानें तिला दिली. हा प्रमाद आमचा होय, व तो सांगण्यासाठींच आजचें हें टिपण.

पुढें लातुरास रक्त तपासलें, तेव्हां प्लेटलेट अवघे १२ हजार भरले. प्लेटलेट म्हणजे रक्तांतील अतिसूक्ष्म चपटे कण. रक्तवाहिनीस चीर पडली म्हणजे ते एकमेकांस चिकटून तेथें बांध घालतात. इटलीतील बिझोझेरो यांनीं १८८२ सालीं हें त्यांचें कार्य दाखवून दिलें. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तांत ते दीड ते साडेचार लाख असतात व आठ-दहा दिवस जगतात. अ‍ॅस्पिरिन त्यांची चिकटण्याची शक्ति त्यांच्या उरलेल्या आयुष्यापुरती क्षीण करतें. पहारेकरी आधींच थोडे, त्यांचेही हात आम्हीं बांधले!

संस्कृताच्या अभिमानानें आम्हांस प्रथम चरकसंहितेंतील रक्तपित्त आठवलें. परंतु लक्षण सारखें दिसलें म्हणून कारण एकच ठरत नाहीं. डेंग्यूनेंही हे कण घटतात, कांहीं औषधांनीं घटतात, रक्ताच्या कर्करोगांतही घटतात. म्हणून तपासणीवांचून तर्क व्यर्थ. सूनबाईच्या व्याधींत शरीराचें रक्षक सैन्यच या कणांस परके समजून त्यांवर खूण करतें व प्लीहा त्यांचा नाश करते. अमेरिकेंतील हॅरिंग्टन नामक तरुण डॉक्टरानें १९५० सालीं अशा रोग्याचें रक्त स्वतःच्या शरीरांत घेतलें. कांहीं तासांतच त्याचे प्लेटलेट कोसळले. दोष रक्तांतूनच येतो, हें त्यानें स्वतःच्या जिवावर उदार होऊन सिद्ध केलें. हा रोग स्पर्शानें लागत नाहीं, हेंही घरांतील मंडळींनीं ध्यानांत ठेवावें.

डॉक्टरीणबाईंनीं सूनबाईस एकांतांत विचारलें, तेव्हां निराळीच गोष्ट कळली. तीन महिने तिचा मासिक स्राव आठ-आठ, दहा-दहा दिवस चाले, चक्कर येई. संकोचामुळें ती कोणाशीं बोलली नव्हती. आमच्या घरांत अकरा माणसें. विचारणारें एकही नव्हतें. ज्या घरांत चार दिवस बाजूस बसण्याचा नियम काटेकोर पाळला जातो, त्याच घरांत ते दिवस दहा कां झाले, हें कोणी मोजूं नये, याची आम्हांस लाज वाटली.

या व्याधीवर उपाय आहेत. प्रथम बहुधा स्टेरॉइड देतात; तें वैद्याच्या सांगण्यावांचून एकाएकीं बंद करूं नये. मज्जेंत प्लेटलेटची उत्पत्ति वाढविणारीं औषधेंही आतां मिळतात. क्वचित् प्लीहा काढावी लागते. लहान मुलांत हा विकार पुष्कळदां तापानंतर उद्भवतो व बहुतेकांत कांहीं महिन्यांत आपोआप निवळतो. मात्र तीव्र डोकेदुखी, वांती, भ्रम, काळा मल किंवा न थांबणारा रक्तस्राव दिसतांच घटकाभरही न दवडतां रुग्णालय गांठावें. वेदनेवरची कोणतीही गोळी विचारल्यावांचून देऊं नये.

सूनबाईचे प्लेटलेट आतां ८० हजारांवर आहेत, ठिपके गेले. आमच्या सौभाग्यवती दर महिन्यास तिला जवळ घेऊन स्वतः विचारपूस करतात. फडताळांतील गोळ्यांची किल्ली आम्हीं तिच्याच स्वाधीन केली आहे.