वस्ती कशी आहे?

परवा ताईचा सोलापूरहून फोन आला. भाच्याला पुण्यात नोकरी लागलीय, हिंजवडीत. पेढ्यांचं बोलणं झालं आणि बाईसाहेब लगेच मुद्द्यावर आल्या. "त्याच्यासाठी घर बघ. दोन मित्र आहेत सोबत. पण चांगल्या वस्तीत बघ बाबा. म्हणजे... कळतंय ना तुला? आजूबाजूला आपली माणसं असावीत."

कळतंय ना! ताई, कळतंय म्हणूनच तर हे लिहायला बसलोय.

'चांगली वस्ती' हा आपल्या मध्यमवर्गाचा फार लाडका शब्दप्रयोग. मी 2005 साली पुण्यात आलो तेव्हा माझ्याही खिशात हेच दोन शब्द होते. कोथरूडच्या एजंटाने पहिला प्रश्न विचारला, "आडनाव काय?" दुसरा, "नॉनव्हेज खाता का?" तिसरा, "फॅमिली की बॅचलर?" भाडं किती परवडेल हे त्याने चौथ्या नंबरावर विचारलं. माझं आडनाव त्याला आवडलं. संध्याकाळपर्यंत घर मिळालं. मालक म्हणाले, "आपल्यातलेच आहात, काळजी मिटली." मलाही तेव्हा बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

माझ्याबरोबर त्याच दिवशी नोकरीवर रुजू झालेला एक मित्र होता. औरंगाबादचा. माझ्यापेक्षा हुशार, पगारही माझ्यापेक्षा जास्त, दारू नाही, सिगरेट नाही. मालकाने स्वप्नात पाहावा असा भाडेकरू. फक्त नाव मुसलमानाचं. महिनाभरात त्याने सात घरं पाहिली. सातही ठिकाणी फोनवर घर रिकामं असायचं आणि नाव सांगितलं की "अहो, कालच दिलं हो" असं व्हायचं.

आठवं घर माझ्याच इमारतीतलं होतं. मी त्याला घेऊन मालकांकडे गेलो. चहा झाला. मग काका मला आतल्या खोलीत घेऊन गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "आमचं काही नाही हो. पण इमारतीतल्या लोकांना चालणार नाही. तुम्ही आपल्यातले, तुम्हाला सांगायला नको."

आता खरी गोष्ट सांगतो. मी मान डोलावली. बाहेर येऊन मित्राला म्हणालो, "अरे, त्यांच्या पुतण्यासाठी ठेवलंय घर." तो हसला. त्याला सगळं कळलं होतं. मला कळलंय हेही त्याला कळलं होतं. खाली उतरताना आम्ही एक शब्द बोललो नाही.

शेवटी त्याला कोंढव्यात घर मिळालं. हिंजवडी शहराच्या एका टोकाला, कोंढवा दुसऱ्या. पंचवीसेक किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, मोटारसायकलवर. पावसाळ्यात तो ऑफिसात पोचायचा तेव्हा बुटातून पाणी निघायचं. दीड वर्षाने त्याने नोकरी सोडली आणि शहरही. आणि आमच्या कँटीनमध्ये याच काळात एक विद्वान वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलं : "त्या लोकांना एकत्रच राहायला आवडतं." सात दारं बंद करायची, आठवं आपण स्वतः उभं राहून बंद होऊ द्यायचं, आणि मग म्हणायचं त्यांना आवडतं!

हे काही नवं नाही. 1917 साली परदेशात शिकून आलेला एक तरुण नोकरीसाठी बडोद्यात आला होता. बडोदे संस्थानाची नोकरी, विद्वत्तेबद्दल तर बोलायलाच नको. पण राहायला जागा मिळेना. मग तो पारशी नाव घेऊन एका पारशी विश्रामगृहात राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्याला बाहेर पडावं लागलं. दोन मित्रांकडे आसरा मागितला. त्यातल्या एकाची अडचण अशी, की तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसऱ्याला बायकोला विचारावं लागणार होतं. तो माणूस एका बागेत पाच तास बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःच हे लिहून ठेवलंय.

त्या मित्राचे नोकर आणि माझ्या काकांचे 'इमारतीतले लोक' यांत फरक काय? काहीच नाही. स्वतःचा आक्षेप असतो असा माणूस मला आजवर भेटलेला नाही. आक्षेप कायम दुसऱ्याचा असतो. मालक सोसायटीकडे बोट दाखवतो, सोसायटी रहिवाशांकडे, रहिवासी एकमेकांकडे. गोल फिरून बोट परत येतं ते आपल्याकडेच.

आता नेहमीच्या हरकती.

पहिली, "घर माझं, कुणाला द्यायचं ते मी ठरवीन." कायद्याच्या भाषेत तुमची बाजू अगदीच लंगडी नाही. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, रस्ते यांच्या वापरात धर्म-जातीवरून आडकाठी करायला मनाई आहे. भाड्याच्या घराचा त्यात उल्लेख नाही. 2005 साली, म्हणजे मी पुण्यात आलो त्याच वर्षी, अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवण्याचा नियम मान्य केला. ठीक आहे. पण कायदा अडवत नाही म्हणून गोष्ट बरोबर ठरते का? म्हाताऱ्या आईशी अबोला धरायलाही कायदा अडवत नाही.

दुसरी हरकत वासाची. मासे तळले की वास येतो, मान्य. शेजारच्यांनी लसणाची फोडणी दिली की आमच्याकडे काय अत्तर दरवळतं? शहरात राहायचं म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकाचा वास घ्यायचा. नको असेल तर शेतात घर बांधावं.

तिसरी हरकत मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, कारण ती ताईची आहे. "परक्या शहरात पोरगं एकटं. आजारी पडलं तर कोण बघेल?" हे खरंय. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेली माणसं गावकऱ्यांच्या खोल्यांतच दाटीवाटीने राहिली. गोव्यातून येणाऱ्या खलाशांसाठी धोबीतलावला गावागावांचे कुड होते. खिशात काही नसलेल्या माणसाला गाववाल्यांचाच आधार असतो. पण ताई, तो आधार होता, कुंपण नव्हतं. एका खोलीत वीस माणसं झोपायची ती नाइलाजाने. आपण दोन बेडरूम, लिफ्ट आणि वॉचमन घेऊन 'आपली माणसं' मागतो, तेव्हा आपल्याला आधार हवा असतो की कुणीतरी बाहेर राहिल्याचं समाधान? (आणि माझा अनुभव विचारशील तर, पहिल्या वर्षी मला टायफॉइड झाला तेव्हा त्या 'आपल्यातल्या' इमारतीतलं कुणी फिरकलं नाही. डबा घेऊन कोंढव्याहून कोण येत होतं ते सांगायला हवं का?)

गंमत अशी की माणसांची एवढी उलटतपासणी करणारे आपण, जे विचारायचं ते विचारतच नाही. पुणे महापालिकेत 2017 साली 11 गावं आली, 2021 साली आणखी 23. इमारती आधी उभ्या राहिल्या, पाणी आणि ड्रेनेज मागाहून रडतखडत. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याकडे नांदेड, किरकटवाडी या भागांत जीबीएसची साथ आली, तेव्हा दूषित पाण्याकडे बोट गेलं. आधी किती जणांनी विचारलं होतं, पाणी कुठून येतं म्हणून? 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढा घरांत शिरला, माणसं गेली. जुलै 2024 मध्ये एकतानगरीत नदीचं पाणी आलं. ओढ्याने किंवा नदीने कुणाचं आडनाव विचारलं नाही.

म्हणून भाच्याला मी फोनवर सांगितलं ते असं. एजंटाचं ऐकू नकोस, वॉचमनला आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचार. नळाला पालिकेचं पाणी येतं का? मे महिन्यात रोज किती टँकर येतात आणि त्याचे पैसे कोण भरतं? इमारतीमागे ओढा आहे का, की होता आणि बुजवला? सोमवारी सकाळी नऊ वाजता एकदा घर ते ऑफिस जाऊन बघ; रविवारी दुपारी बघशील तर फसशील. रात्री अकरा वाजता बस थांब्यापासून चालत येऊन बघ, दिवे आहेत का, फूटपाथ आहे का. आणि शेवटी विचार, "इथे कुणाला घर देत नाहीत?" या प्रश्नाला उत्तर मिळालं, कुठलंही, तर ते घर घेऊ नकोस.

भाचा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, असं केलं तर मला घरच मिळणार नाही."

बरोबर आहे त्याचं. मिळेल, पण वेळ लागेल, लांब मिळेल, कदाचित महागही पडेल. माझ्या मित्राला हे सगळं पडलंच की. फक्त त्याला कुणी निवड करायला सांगितलं नव्हतं.

आणि उपदेश भाच्यालाच का? वारज्यात माझा एक छोटा फ्लॅट आहे, गेल्या महिन्यात रिकामा झाला. एजंटाचा फोन आला, "सर, कुणाला द्यायचं नाही तेवढं सांगून ठेवा, म्हणजे उगाच फेऱ्या नकोत." इतक्या सहज विचारलं त्याने, जणू पंखे किती आहेत असं विचारतोय. मी म्हटलं, "भाडं वेळेवर न देणाऱ्याला." तो हसला, त्याला विनोद वाटला. दोन दिवसांनी सेक्रेटरीसाहेबांचा फोन. "आमचं काही नाही हो, पण..."

वीस वर्षांपूर्वी हेच वाक्य ऐकून मी मान डोलावली होती. या वेळी म्हटलं, "ज्यांचं काही आहे त्यांची नावं द्या, मी जाऊन बोलतो." भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं, हेही सांगितलं. अजून नावं आलेली नाहीत. येतील असं वाटतही नाही.

असो. ताई, घर शोधतोय. चांगल्या वस्तीतच शोधतोय.