बाबा परत आलेत, पण...

बालदोस्तांनो,

गेल्या आठवड्यात रत्नागिरीजवळच्या एका गावातून पत्र आलं. आठवीतल्या मुलाचं. 'नाव छापू नका' असं त्यानं बजावलंय. तो लिहितो :

"ताई, माझे बाबा सात वर्षं कुवेतला होते. मधे दोनदा आले, महिना-महिना राहिले. आता कायमचे आलेत. सगळे म्हणतात, तुझी मज्जा आहे! पण मला त्यांच्याशी बोलताच येत नाही. फोनवर ते रोज विचारायचे, 'जेवलास का? अभ्यास झाला का?' आता समोर बसूनही तेच दोन प्रश्न. माझ्यासाठी रिमोटची गाडी आणली. मी काय पहिलीत आहे? परवा रागावले, तर मी म्हटलं, 'इतकी वर्षं कुठे होतात?' ते काही न बोलता पडवीत जाऊन बसले. आई रडली. माझं चुकलं का?"

दोस्ता, तुझा राग खोटा नाही. तुला ताप आला तेव्हा उशाशी आई बसली, बाबा नव्हते. पण ती गाडी पुन्हा एकदा बघ. बाबा गेले तेव्हा तू पहिलीतच होतास ना? त्यांच्या मनात तू अजून तेवढाच आहेस. तुला वाढताना बघायचं त्यांचं राहूनच गेलं. नुकसान दोघांचंही झालंय.

आखातात कमी पगारावर काम करणाऱ्यांना बायकामुलांना सोबत नेता येत नाही. कुवेतमध्ये जून ते ऑगस्ट भर दुपारी उघड्यावर काम करायला सरकारची बंदी असते, इतकं ऊन! हे बाबांनी तुला कधी सांगितलं? नसेल. कारण तू विचारलं नाहीस.

तुझा प्रश्न चुकीचा नव्हता. तू तो दगडासारखा फेकलास, ते चुकलं. आता तोच प्रश्न नीट विचार. "बाबा, इतकी वर्षं कुठे होतात? खोली कशी होती? स्वयंपाक कोण करायचं?" मग बघ!

१९३० साली इंदिरा तेरा वर्षांची झाली, तेव्हा तिचे वडील पंडित नेहरू नैनीच्या तुरुंगात होते. भेट काय देणार? त्यांनी पत्र लिहिलं. पुढे जवळजवळ तीन वर्षं ते तिला जगाचा इतिहास पत्रांतून सांगत राहिले. नुसतं 'अभ्यास झाला का?' विचारून थांबले नाहीत. बोलायला दोघांमधे काहीतरी लागतं, दोस्ता. तुमच्याकडे सायकलचं पंक्चर असेल, पावसाआधी शाकारायचं छप्पर असेल. एखाद्या रविवारी बाबांना म्हण, "तिथे करायचात ती भाजी करू या." कांदा तू चीर!

एका दिवसात काही होणार नाही. 'बाबा' म्हणताना जीभ अडखळेल. अडखळू दे.

आणि पालकहो, दूरवरून परतलेल्या बाबांनी मार्कांच्या आधी मुलाच्या मित्रांची नावं विचारावीत. घराला लागलेल्या सवयी पहिल्याच आठवड्यात मोडू नयेत. मुलगा रागावला, तर 'मलाही तुझी आठवण यायची' एवढं तरी म्हणावं. मुलं तेवढ्यासाठीच थांबलेली असतात.

दोस्ता, गाडी टाकून देऊ नकोस हं! भाजी कशी झाली ते कळव.

तुमची,
ताई