फेक अकाउंटवरून धमकी दिली तर शिक्षा टळते की वाढते?

परभणीत 10 डिसेंबर 2024 ला रेल्वे स्थानकाजवळ डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागलं. शहर असं तापलेलं असताना फेसबुकवर कुणी 'घरात घुसून मारू' असं लिहिलं, तर कायदा काय म्हणतो?

इथे भारतीय न्याय संहितेचं कलम 351 लागतं. घाबरवण्याच्या हेतूने दिलेल्या साध्या धमकीला 2 वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. जिवे मारण्याची किंवा गंभीर दुखापतीची धमकी असेल, तर कैद 7 वर्षांपर्यंत. फेक अकाउंटवाल्यांचा हिशेब इथेच चुकतो. ओळख लपवून धमकी दिली, तर वर आणखी 2 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

आणि माणूस सापडतोच. जून 2023 मध्ये शरद पवारांना सोशल मीडियावर 'दाभोलकर करू' अशा आशयाची धमकी आली. काही दिवसांतच पुण्यातल्या एका आयटी कर्मचाऱ्याला अटक झाली.

'66अ रद्द झालंय, आता काही होत नाही' असंही कमेंटमध्ये दिसतं. सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये ते कलम रद्द केलं, ते त्यातल्या मोघम शब्दांमुळे. धमकी तेव्हाही गुन्हाच होती.

धमकी आलेल्यांची अडचण वेगळी आहे. साध्या धमकीची बहुतेकदा एनसी होते आणि तपासाला न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. त्यामुळे नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. पोस्टची लिंक, प्रोफाइल, तारीख-वेळ नोंदवून ठेवा आणि तो मोबाइल फॉरमॅट करू नका.