खारुताई चावते तेव्हा...

पिल्लू असल्यापासून हातावर वाढवलेली खार मोठी झाली की बऱ्याचदा चावायला लागते. मग घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "एवढं केलं तिचं, आणि शेवटी हे पांग फेडले!" मला हे बोलणं अजिबात पटत नाही. पांग फेडायचं त्या बिचारीनं कधी कबूल केलं होतं? हिशोब आपणच मांडायचा आणि आपणच रुसून बसायचं!

आमच्या मावसबहिणीकडे चिंगी होती. नारळाच्या झावळ्या उतरवताना घरटं खाली आलं, त्यात हे एवढंसं पिल्लू. डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत. गाईचं दूध बाधतं म्हणून जनावरांच्या डॉक्टरांना विचारून कुत्र्याच्या पिल्लांची दूध पावडर आणली. ताईने रात्री-अपरात्री उठून ड्रॉपरने पाजून तिला जगवलं. पुढे चिंगी ताईच्या ओढणीत झोपायची, खांद्यावर बसून शेंगदाणे खायची.

आठ-नऊ महिन्यांनी सगळं बदललं. खोक्यातल्या चिंध्या बदलायला हात घातला की शेपटी फुलवायची, दात वाजवायची आणि बोटाचा कडकडून चावा घ्यायची. तोही पाहुण्यांना नाही, ताईला! ताईला रक्तापेक्षा त्याचंच जास्त लागलं.

पण यात रागवण्यासारखं काय आहे? आपल्याकडची पट्टेवाली खार साधारण दहा आठवड्यांत आईचं दूध सोडते आणि नऊ महिन्यांच्या आसपास वयात येते. त्यानंतर आपलं घरटं, आपलं खाणं तिचं तिने राखायचं असतं. अंगणात दोन खारी खोडाभोवती गरगरा पळतात तो आपल्याला खेळ वाटतो, पण पुष्कळदा ती हाकलाहाकली असते. झाडावरची खार माणूस दिसला की पळते. हातावर वाढलेलीला ती भीतीच नसते, त्यामुळे ती पळत नाही, अंगावर येते. तिच्या लेखी ताई म्हणजे घरट्यात घुसणारी दुसरी खारच. ज्याचा हात सगळ्यात जास्त वेळा आत जातो, त्यालाच सगळ्यात जास्त चावे.

आपण तिला 'ताई' म्हणतो, रामाने पाठीवरून बोटं फिरवल्याची गोष्ट मुलांना सांगतो. गोष्ट गोडच आहे. पण कुत्रा माणसाळायला हजारो वर्षं लागली. ते काम एका ड्रॉपरने कसं होणार?

चावायला लागली की लोक दोनच गोष्टी करतात. कायमची पिंजऱ्यात कोंडतात, नाहीतर एके दिवशी बागेत सोडून येतात. दिवसभर झाडावर पळणाऱ्या जिवाला पिंजरा ही शिक्षाच. आणि एकदम सोडलेल्या खारीला मांजर म्हणजे काय हेही ठाऊक नसतं. ती अनोळखी माणसाच्या खांद्यावरही उडी मारते, आणि तो घाबरून तिला झटकतो.

म्हणून मला वाटतं, पिल्लू सापडलं की आधी ते आईला परत द्यायचा प्रयत्न करावा. उबदार टोपलीत घालून त्याच झाडापाशी ठेवावं, मांजर-कावळ्यांवर लांबून लक्ष ठेवावं. बऱ्याचदा आई तोंडात धरून घेऊन जाते. नाहीच आली, तर सोडण्यासाठीच वाढवावं. दूध सुटलं की हाताळणं कमी. मग अंगणात झाडाजवळ मोठा जाळीचा पिंजरा, काही दिवसांनी त्याचं दार उघडं, आणि ती येईल तोवर आत थोडं खाणं.

चिंगीच्या बाबतीत ताईने शेवटी हेच केलं. पंधराएक दिवस ती खाण्यापुरती येत होती, मग यायची थांबली.

असो. चावलं तर जखम साबणाने नीट धुवावी, डॉक्टरांना दाखवावी. पण मनाला लावून घेऊ नये. ती मोठी झाली, एवढंच त्या चाव्याचं म्हणणं असतं. जगवलं ते यासाठीच ना?